वाचक विचारतात : पंगुनी, चित्तिरै आणि आपला चैत्र

खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त तमिळनाडूत स्थिरावली आहेत. त्यामुळे पाडवा जवळ आला की तिकडच्या सणांविषयी पत्रं येतात. या वेळी आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

दोन्ही मुलं कोइमतूरला असतात. तिकडच्या दिनदर्शिकेत चित्रा पौर्णिमा १ मे २०२६ ला दाखवली आहे. आपली चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला. महिन्याभराचा फरक कसा पडतो? छपाईची चूक आहे का?
— एक वाचक, विटा

चूक कुणाचीच नाही. आपला महिना चंद्रावर चालतो, त्यांचा सूर्यावर. आपल्याकडे अमावास्या संपली की नवा महिना लागतो. तमिळ पंचांगात सूर्य नव्या राशीत गेला की महिना बदलतो. सूर्य मीनेत असतो तो पंगुनी, साधारण १४ मार्च ते १३ एप्रिल. मेषेत गेला की चित्तिरै, १४ एप्रिल ते १४ मेपर्यंत. त्यानंतर वैकासी. संक्रांत सूर्यास्ताच्या आत झाली तर त्याच दिवशी महिन्याची १ तारीख धरतात, सूर्यास्तानंतर झाली तर दुसऱ्या दिवशी. यंदा मेष संक्रांत १४ एप्रिलला सकाळीच आहे, म्हणून चित्तिरैची १ तारीख, म्हणजे पुत्तांडू हा त्यांचा वर्षारंभ, त्याच दिवशी.

आता तुमचा प्रश्न. चित्तिरै महिन्यात जी पौर्णिमा येईल ती त्यांची चित्रा पौर्णिमा. यंदाची २ एप्रिलची पौर्णिमा पंगुनीत पडते, त्यामुळे ती चित्रा पौर्णिमा होऊच शकत नाही. पुढची पौर्णिमा १ मेची, आपली वैशाखी म्हणजे बुद्ध पौर्णिमा. तिकडे तीच चित्रा पौर्णिमा. ताळा अगदी सोपा आहे : आपली चैत्र पौर्णिमा १४ एप्रिलच्या आधी आली तर तमिळ चित्रा पौर्णिमा महिन्यानं पुढे जाते, नंतर आली तर दोन्ही एकाच दिवशी येतात. २०२४ साली २३ एप्रिलला दोन्ही एकत्र होत्या. २०२५ मध्ये आपली १२ एप्रिलला होती, त्यांची १२ मेला. २०२७ मध्ये पुन्हा एकत्र येतील.

हे पुढेमागे होण्याचं कारण अधिक मास. आपल्याकडे यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. सौर महिन्यांना अधिक मास लागत नाही, त्यांचे महिने २९ ते ३२ दिवसांचे असतात आणि वर्ष आपोआप जुळतं. म्हणून मुरुगनाचा, म्हणजे कार्तिकेयाचा, वैकासी विशाखम हा मोठा दिवस यंदा आपल्या अधिक महिन्यात येतो. सुनबाईंनी तो तिकडे थाटात केला तर ‘अधिकात कसला सण?’ असं म्हणू नये. त्यांच्या पंचांगात अधिक नाहीच.

एक गोष्ट मात्र दोघांची सारखी आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. साठ संवत्सरांची नावं एकच आहेत. १९ मार्चच्या पाडव्याला आपलं शके १९४८ पराभव नाम संवत्सर सुरू होतं, आणि १४ एप्रिलला त्यांचंही पराभवच लागतं. मधल्या पंचवीस-सव्वीस दिवसांत मात्र इकडे पराभव आणि तिकडे विश्वावसू चालू असतं. त्या दिवसांत तिकडे संकल्प सांगायचा असेल तर हे ध्यानात ठेवा.

सण कोणत्या पंचांगानं धरायचा, याचं आमचं मत स्पष्ट आहे : सण ज्यांचा, पंचांग त्यांचं. पाडवा तुमच्या पंचांगानं करा, पंगुनी उत्तिरमला त्यांच्या देवळात जायचं तर त्यांच्या. दोन पंचांगांची सरासरी काढून मधलाच दिवस गाठला तर सण दोन्हीकडून हुकतो.

पंगुनी उत्तिरमला तिकडे कावडी नाचवत नेतात आणि देवाचं लग्न लावतात. आपल्या शिखर शिंगणापूरलाही चैत्रात हेच होतं. दोन्ही सण एकच का?
— एक वाचक, दहिवडी

एक नव्हेत, पण सारखेपणा वरवरचाही नाही. शिंगणापूरला चैत्र शुद्ध अष्टमीला शंभू महादेव आणि पार्वतीचं लग्न लागतं आणि द्वादशीला मुंगी घाटातून कावडी चढतात. सासवडची भुतोजी तेल्यांची कावड त्यातली मानाची. दोन्ही दिवस तिथीवर ठरतात.

पंगुनी उत्तिरम नक्षत्रावर ठरतं. पंगुनी महिन्यात चंद्र उत्तरा फाल्गुनीत येतो तो दिवस. बहुधा पौर्णिमेला किंवा तिच्या एक दिवस मागेपुढे. यंदा ते १ एप्रिलला आहे, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. शिव-पार्वती, मुरुगन-देवयानै, राम-सीता, श्रीविल्लिपुत्तूरची आंडाळ आणि रंगमन्नार अशी कितीतरी दैवी लग्नं त्या दिवशी लागतात. श्रीरंगमला रंगनाथ आणि रंगनायकी एकत्र बसून दर्शन देतात ते वर्षातून याच दिवशी. अय्यप्पाचा जन्मही याच नक्षत्रावरचा.

कावडीपुरतं बोलायचं तर पळणीचं पंगुनी उत्तिरम शिंगणापूरच्या फार जवळ जातं. कोंगू भागातले, म्हणजे ईरोड-कोइमतूरकडचे लोक कोडुमुडीला कावेरीचं पाणी भरतात आणि ती तीर्थकावड पायी पळणीला नेऊन मुरुगनाला अभिषेक करतात. इकडे कऱ्हेचं पाणी महादेवाला, तिकडे कावेरीचं त्याच्या मुलाला. रूप मात्र निराळं : त्यांच्या कावडीवर लाकडी कमान, तिला मोरपिसं, दोन्ही टोकांना दुधाचे किंवा तीर्थाचे छोटे कलश. इडुंबन नावाच्या असुरानं दोन डोंगर आडव्या दांडीला टांगून खांद्यावर आणले, ही त्यामागची कथा. म्हणून पळणीला मुरुगनाच्या आधी इडुंबनाला नमस्कार करायचा असतो.

यंदा दोन्ही यात्रा दोन-तीन दिवसांच्या अंतरानं येतात म्हणून एकच वाटतात. २०२७ मध्ये पाडवाच ७ एप्रिलला आहे, त्यामुळे कावडी एप्रिलच्या मध्यावर जातील आणि पंगुनी उत्तिरम मात्र होळीच्या सुमारास, २२ मार्चच्या आसपास होऊन गेलेलं असेल.

शेजारच्या तमिळ मामी मार्चमध्ये सावित्रीचं व्रत करतात आणि चवळी घातलेली गोड वडी लोण्याबरोबर देतात. त्यांना विचारून दोनदा केली. एकदा चिकट गोळा झाला, एकदा चवळी कडक राहिली. प्रमाण द्यावं. आणि आपल्या वटपौर्णिमेशी याचा संबंध आहे का?
— एक वाचक भगिनी, विश्रामबाग, सांगली

ताई, त्या व्रताचं नाव कारडैयान नोंबू आणि तुम्ही खाल्लीत ती नोंबू अडै. कथा तीच, सावित्री-सत्यवानाची. आपण ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतो, तमिळ बायका मासी महिना संपून पंगुनी लागतो त्या क्षणाला हळदीचा पिवळा दोरा गळ्यात बांधतात. वनात सावित्रीजवळ जे होतं, नवं तांदूळ, कडधान्य आणि लोणी, त्याचाच नैवेद्य.

तुमच्या दोन्ही चुका नेहमीच्या आहेत. मराठी बाई ही अडै मोदकाच्या पिठीनं करायला जाते आणि तिथंच फसते. मोदकाला पिठी कच्ची लागते, अडैला भाजलेली. एक वाटी साधे तांदूळ (जुने असतील तर उत्तम, बासमती किंवा आंबेमोहोर नको) धुऊन दोन तास भिजवा, निथळून फडक्यावर सावलीत पंधरा-वीस मिनिटं पसरा. हाताला ओलसर लागले पाहिजेत, ओले नव्हे. मिक्सरवर वाटून चाळा. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा. आधी वाफ येते, गोळे होतात, मग पीठ मोकळं होत जातं आणि रंग किंचित तांबूस होतो. झालं की नाही हे पाहायची तिकडची जुनी रीत : चिमटीत पीठ घेऊन ताटात रेघ ओढायची. रांगोळीसारखी अखंड रेघ पडली तर भाजणं पुरं झालं. तुटली तर अजून दमट आहे, आणि तेच पीठ पुढे चिकट गोळा करतं.

चवळीचं असं आहे की गूळ लागला की ती पुढे शिजत नाही. म्हणून पाव वाटी चवळी कोरडी भाजून दोन-तीन तास भिजवायची आणि आधी वेगळी शिजवायची. बोटांत दाबली तर दबावी, पण अख्खी राहावी. कुकरला एक शिट्टी पुरते. तीन शिट्ट्या केल्या तर तिचा लगदा होऊन अडै काळपट दिसते.

गोड अडैसाठी : भाजलेली पिठी १ वाटी, चिरलेला गूळ १ वाटी, पाणी २ वाट्या, शिजलेली चवळी, ओल्या खोबऱ्याचे बारीक काप २ मोठे चमचे, वेलची अर्धा चमचा, तूप १ चमचा. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, मग उकळा. पाक करायचा नाही, एक उकळी पुरे. पाक झाला तर अडै गार झाल्यावर दातांना चिवट लागते. त्यात चवळी, खोबरं, वेलची, तूप घाला, आच बारीक करा आणि पिठी एका हातानं सोडत दुसऱ्या हातानं हलवा. गोळा कढईच्या कडा सोडू लागला की झाकून दहा मिनिटं ठेवा. हाताला तूप लावून लिंबाएवढा गोळा केळीच्या पानावर बोटभर जाडीचा थापा आणि मधोमध बोटानं भोक पाडा. ते भोक सोडू नका. वाफ मधल्या भागाला तिथूनच पोचते, नाहीतर कडा शिजतात आणि पोट कच्चं राहतं. इडलीपात्रात दहा ते बारा मिनिटं. वरून चकाकी आली आणि ओल्या बोटाला चिकटली नाही की काढा. एवढ्यात आठ-दहा होतात.

खारी अडै जोडीला असतेच. तिला १ वाटी पिठीला पावणेदोन वाट्या पाणी. तेलात मोहरी, उडीद डाळ, हिंग, २ हिरव्या मिरच्या, आलं, कढीपत्ता यांची फोडणी, त्यातच पाणी आणि मीठ. बाकी कृती तीच. दोन्हींसोबत बिनमिठाचं लोणी, न कढवलेलं. नैवेद्य दाखवताना म्हणायच्या ओळीतही ‘न वितळलेलं लोणी आणि एक अडै अर्पण करते, नवऱ्याची ताटातूट कधी न होवो’ एवढंच मागणं आहे.

वेळेबद्दल मामी काटेकोर असतील, त्याचं कारण सांगतो. दोरा मासी महिना हातात असतानाच बांधायचा, पंगुनी लागून गेल्यावर नाही. ‘मासी कयिरु पासी पडियुम’ अशी म्हण आहे : मासीत बांधलेल्या दोऱ्यावर शेवाळ धरेल, इतका तो टिकेल. संक्रांतीची वेळ दरवर्षी बदलते, कधी भर दुपारी तर कधी अपरात्री. अपरात्री असली तर बायका तोवर उपाशी थांबतात. अनेक घरांत त्या दिवशी दूध, दही, ताक घेत नाहीत, फक्त लोणी चालतं. दोन अडै बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी गाईला घालतात. दोऱ्यासाठी सांगलीत हळदीला काय तोटा! सुती दोरा हळकुंड उगाळून भिजवा. हळदपूड पाण्यात कालवून लावली तर वाळल्यावर झडते.

मुलगा मदुरैहून राहुकाळ कळवतो तो आपल्या दिनदर्शिकेशी जुळत नाही. खरा कोणता?
— एक वाचक, मिरज

मुलगा बहुधा ठरीव कोष्टक पाहतो : सोमवार साडेसात ते नऊ, मंगळवार तीन ते साडेचार, बुधवार बारा ते दीड, गुरुवार दीड ते तीन, शुक्रवार साडेदहा ते बारा, शनिवार नऊ ते साडेदहा, रविवार साडेचार ते सहा. हे सूर्योदय सहाला आणि दिवस बरोबर बारा तासांचा धरून केलेलं आहे. मूळ नियम असा की सूर्योदय ते सूर्यास्ताचे आठ सारखे भाग करायचे आणि वारानुसार त्यातला एक घ्यायचा. मंगळवारी सातवा.

१४ एप्रिल २०२६ मंगळवारच आहे, तेव्हा तोच दिवस घेऊ. मिरजेला सूर्योदय सुमारे ६ वाजून १७ मिनिटांनी, सूर्यास्त सुमारे ६ वाजून ४७ मिनिटांनी. दिवस साडेबारा तासांचा, एक भाग जवळजवळ ९४ मिनिटांचा. सहा भाग गेले की ३ वाजून ३९ मिनिटं होतात. म्हणजे मिरजेचा राहुकाळ ३:३९ ते ५:१३. चेन्नईत सूर्य वीस मिनिटं आधी उगवतो, तिथं तो सव्वातीनच्या सुमाराला लागतो. ठरीव कोष्टक धरलं तर मिरजेत तुम्ही तीनला थांबाल आणि साडेचारला, ऐन राहुकाळात, काम सुरू कराल. पाळायचाच असेल तर आपापल्या गावच्या सूर्योदयावरून पाळावा.

त्याच पानावर यमगंडम आणि कुळिगै अशा दिवसातल्या आणखी दोन वेळा असतात. कुळिगैत केलेलं काम पुन्हापुन्हा घडतं अशी समजूत आहे, म्हणून त्या वेळेत सोनं घेतात आणि अंत्यविधी टाळतात. सराफ पेठेत बसणाऱ्या मुलाला हे ठाऊक असेलच.

कोइमतूरला मुलानं घर बांधलं आहे. वैशाखात वास्तुशांत करू म्हटलं तर तिथले शास्त्री ‘४ मेनंतर नको’ म्हणतात. का?
— एक वाचक, वडूज

ते अग्नि नक्षत्रामुळे. बोलीत ‘कत्तिरी’ म्हणतात. सूर्य भरणीच्या तिसऱ्या चरणात शिरल्यापासून रोहिणीचा पहिला चरण संपेपर्यंतचे दिवस, साधारण ४ ते २८ मे. मध्ये सगळं कृत्तिका नक्षत्र येतं आणि कृत्तिकेची देवता अग्नी. खटाव-माणच्या शेतकऱ्याला सूर्यनक्षत्रं शिकवायला नकोत. रोहिणी निघते ती २५ मेच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे पेरणीपूर्व मशागतीची घाई सुरू होते तेव्हा त्यांची कत्तिरी संपत आलेली असते. त्या काळात पायाभरणी, गृहप्रवेश, विहीर खोदणं, झाड तोडणं, जावळ टाळतात. लग्न, मुंजीला अडचण मानत नाहीत. शिवालयांत पिंडीवर गळती लावतात, आपल्याकडच्यासारखीच.

यंदा पेच असा की २८ मेला कत्तिरी संपते तेव्हा आपला अधिक महिना चालू असतो, तो १५ जूनपर्यंत. त्यानंतर तिकडे आनी महिना लागतो, त्यात नव्या घरात जायचं बरेच जण टाळतात, आणि मग आडी, जो तर टाळतातच. दोन्ही घरच्यांचं मन राखायचं असेल तर वैशाख शुद्ध पक्षातला, १८ एप्रिल ते १ मे यामधला मुहूर्त शास्त्रीबुवांकडून काढून घ्या. उशीर केलात तर थेट श्रावणापर्यंत थांबावं लागेल.

पुत्तांडूला तमिळ मैत्रिणीकडे जेवायला जायचं आहे. आपल्या कडुलिंबासारखं काही असतं का?
— एक वाचक भगिनी, कराड

असतं, आणि चवीला आपल्यापेक्षा सुखाचं. मांगाय पच्चडी : कैरी, गूळ, मिरची, मीठ आणि कडुलिंबाचा मोहोर. पाव किलोच्या कैरीला १०० ते १५० ग्रॅम गूळ. कैरीच्या फोडी वाटीभर पाण्यात चिमूट हळद-मीठ घालून आधी पूर्ण शिजवायच्या, मगच गूळ, नाहीतर फोडी कडक राहतात. दाट हवी तर चमचाभर तांदळाची पिठी पाण्यात कालवून घाला. शेवटी मोहरी-मिरचीची फोडणी. वाळवलेला मोहोर चमचाभर तुपात तांबूस परतून अगदी वाढताना टाकायचा. रसात उकळला तर सगळं भांडं कडू होतं.

कोंगू भागात आणि तिरुनेलवेलीकडे आदल्या रात्री ताट मांडून ठेवतात : आंबा, केळी, फणस, विड्याची पानं, सुपारी, फुलं, सोनं, नाणी आणि आरसा. सकाळी डोळे उघडल्यावर पहिली नजर त्यावर. भेटल्यावर ‘पुत्तांडू वाळ्तुक्कळ’ म्हणा.

मदुरैच्या चित्तिरै जत्रेचं दर्शन घ्यायचं आहे. किती दिवस काढावेत?
— एक वाचक, तासगाव

दोन निराळे उत्सव एकमेकांत मिसळले आहेत, हे कळलं की दिवस ठरवता येतात. मीनाक्षीचं लग्न पूर्वी मासीत व्हायचं. तिरुमलै नायकानं (राज्यकाळ १६२३ ते १६५९) ते चित्तिरैत आणून अळगरच्या उत्सवाला जोडलं. ध्वज चढल्यावर आठव्या दिवशी मीनाक्षीचा पट्टाभिषेक, दहाव्या दिवशी तिरुकल्याणम म्हणजे लग्न, दुसऱ्या दिवशी रथ. लग्न लागतं त्याच वेळेला हजारो सवाष्णी आपल्या तालीचा, म्हणजे मंगळसूत्राचा, दोरा बदलतात. सौभाग्यवती बरोबर येत असेल तर नवा पिवळा दोरा जवळ ठेवा.

अळगर म्हणजे विष्णू, मीनाक्षीचा भाऊ. तो वीसेक किलोमीटरवरच्या अळगर कोविलहून निघतो आणि चित्रा पौर्णिमेच्या सुमारास सोन्याच्या घोड्यावर बसून वैगै नदीत उतरतो. लोककथेप्रमाणे त्याला लग्नाला उशीर झाला, म्हणून तो गावात न शिरता नदीवरूनच वंडियूरकडे वळतो. नदीत उतरताना त्यानं कोणत्या रंगाचं रेशीम नेसलं आहे याकडे सगळ्यांचे डोळे असतात. हिरवं निघालं तर पीकपाणी चांगलं.

लग्न आणि नदीप्रवेश यांत दोन ते चार दिवसांचं अंतर पडतं, आणि ते दरवर्षी सारखं नसतं. म्हणून पाच दिवस धरा आणि देवस्थानानं कार्यक्रमपत्रिका काढल्यावरच तिकीट काढा. नदीप्रवेश पहाटे असतो, काठावर जागा हवी तर रात्रीच पोचावं लागतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर ती गर्दी टाळून आदल्या रात्रीचं ‘एदिर सेवै’ पाहा. अळगर शहराच्या वेशीवर येतो आणि मदुरैकर त्याला सामोरे जातात, तेव्हा दर्शन जवळून मिळतं. उन्हासाठी पातळ सुती कपडे आणि पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी घ्या, एकाच्या पिशवीत सगळ्यांच्या ठेवल्या तर गर्दीत चुकामूक झाल्यावर त्यांचा उपयोग नाही.